पिवळी रेघ

नाना, काल बेसिनखालचा नळ गळायला लागला. पान्हा घेऊन खाली वाकले तर नटावर तुमची पिवळी रेघ. नटावरून सुरू होऊन पाइपवर गेलेली, सरळ, बोटाच्या पेराएवढी. रेघ जुळलेली होती, म्हणजे नट सैल नव्हता, वायसर गेला होता. हे मला पान्हा न लावताच कळलं. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले आणि आमच्या घरातल्या दुरुस्त्यांचं निदान अजून तुम्हीच करताय.

तुमची सगळी नोकरी चाकणच्या कंपनीत, गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर गेली. तिथं नट ठरल्या जोरानं आवळला की त्यावर पिवळ्या पेननं रेघ मारायची, अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या पत्र्यावर. पुढं कधी रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरला. आवळल्याशिवाय रेघ नाही आणि रेघ मारली की जबाबदारी मारणाऱ्याची. रिटायर होताना लोक घरी भिंतीवरचं घड्याळ आणतात, तुम्ही पिवळ्या पेनांचा डबा आणलात. मग पंख्याचे बोल्ट, कुकरचा दांडा, माझ्या स्कूटरचा आरसा, सगळ्यांवर रेघा आल्या. लोणच्याच्या बरणीच्या झाकणावरही मारलीत, तेव्हा आईंनी बरणी तुमच्यासमोर तारेच्या घासणीनं घासली होती आणि दोन दिवस तुम्हाला लोणचं वाढलं नव्हतं.

मी मात्र रेघेवाचून राहिले. "माझ्या ड्रायव्हिंगला कधी मारताय?" असं मी दर रविवारी विचारायचे आणि तुम्ही दर रविवारी म्हणायचात, "अजून घट्ट झाली न्हाईस तू."

हे मी का लिहितेय ते आधी सांगून टाकते. तुमच्या-माझ्यात एक गोष्ट राहून गेली. त्या रविवारी खाणीत मी तुम्हाला जे बोलले, त्याची माफी मागायची होती. चार महिने मागितली नाही आणि मागायला आले तेव्हा तुम्ही मागू दिली नाहीत. ते रागानं की प्रेमानं, हे मला कळलं नव्हतं. ते कळेपर्यंत मला तुमच्या फोटोकडे नीट बघता येत नव्हतं.

गाडी आली तो दिवस मला लख्ख आठवतो. मोशीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत तुमची ती जुनी, चौकोनी, फोर-व्हील-ड्राइव्ह जीप येऊन उभी राहिली आणि वॉचमन विचारायला लागला, "काका, कुणाचं सामान आलंय का?" तुमचा लेक संदीप तर कपाळाला हात लावून गॅलरीत उभा होता. तुम्ही खाली बोनेटवर हात ठेवून म्हणालात, "चारी चाकं फिरवायचा डबा हजारो गाड्यांना बसवला मी या हातानं. एकदा बी चिखलात नेऊन बघितला न्हाई. ज्याचं लगीन लावलं त्याचा संसार बघाया नको व्हय?"

संदीपला यात रस नव्हता. त्याचा रविवार लॅपटॉपसमोर जायचा. आई म्हणाल्या, मी देवाला जायला बसते गाडीत, मरायला नाही. राहता राहिले मी. मी भोसरीच्या एमआयडीसीत क्वालिटीला, म्हणजे तुमच्या जन्माची वैरीण. लाइनवरच्या माणसानं रात्रंदिवस खपून माल काढायचा आणि क्वालिटीच्या बाईनं येऊन त्यावर लाल टॅग लावायचा, असं तुमचं आमच्या खात्याबद्दल मत. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही संदीपला म्हणाला होतात म्हणे, "पोरगी चांगली हाय, पण क्वालिटीत हाय, इचार कर." मला तुम्ही कधी सूनबाई म्हटलं नाहीत. क्वालिटीबाईच म्हटलंत.

पहिल्या रविवारी आपण चाकणच्या पुढे त्या बंद पडलेल्या मुरमाच्या खाणीत गेलो. मला वाटलं होतं, आता चावी हातात येईल. तुम्ही चावी खिशात टाकलीत आणि मला म्हणालात, चल. तासभर आपण नुसते चाललो. खड्डा कुठे आहे, दगड पक्का आहे की निसटता, चढाच्या पलीकडे उतार आहे की कडा, पाणी साचलंय तिथं काठी किती बुडते. मी सॅंडल घालून आले होते. दुसऱ्या चढावर एक पट्टा तुटला आणि मी वैतागून म्हटलं, नाना, आपण गाडी शिकायला आलोय ना?

"ह्योच पैला धडा. जिथनं पायानं गेली न्हाईस तिथनं चाकानं जायाचं न्हाई. गाडीत बसल्यावर समदं सोपं दिसतं."

तुटलेला पट्टा तुम्ही तारेनं बांधून दिलात आणि त्या गाठीवर पिवळी रेघ मारलीत. ती सॅंडल अजून आहे माझ्याकडे. टाकवत नाही.

मग हळूहळू शिकवलंत. स्टेअरिंग धरताना अंगठे आत गुंतवायचे नाहीत, बाहेर ठेवायचे, कारण चाक दगडाला लागलं की स्टेअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा मोडतो. खाणीत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि जमीन धरतो. परत डांबरीवर येण्याआधी आठवणीनं भरायची. उतारावर ब्रेकवर नाचायचं नाही, खालच्या गिअरात इंजिनाला गाडी धरू द्यायची. आणि हात दाखवणारा माणूस एकच. बाहेर दहा जण उभे राहून दहा सल्ले देत असले तरी गाडीवाल्यानं फक्त एकाच्या हाताकडे बघायचं. उघडा पंजा आपल्याकडे हलवला की ये. पंजा खाली दाबला की सावकाश. मूठ बंद केली की थांब, असशील तिथं, एक इंचही हलू नकोस.

तुमची मूठ मी हजारदा पाहिली असेल. सुरुवातीला तर तुम्ही नुसते मुठीच दाखवत होतात. एकदा चिडून मी काचेतून डोकं बाहेर काढलं आणि म्हटलं, नाना, मला रागावताय की थांबवताय? तुम्ही जवळ आलात, म्हणालात, "राग आला की म्या बोलतो. मूठ दावली की नुसतं थांबायचं."

हे वाक्य मला हॉस्पिटलात आठवायला हवं होतं.

आपलं एक भांडण कायमचं होतं. चिखल समोर आला की तुम्ही दहा फूट अलीकडेच थांबून चारी चाकं जोडायचात, मग आत शिरायचात. माझं म्हणणं होतं, दोन चाकांवर जाईल तितकं जावं. अडकलो की मग चारी चाकं जोडून बाहेर यावं. हातचं काहीतरी राखून ठेवायला नको का? तुम्ही म्हणायचात, "अडकल्यावं लावून काय उपेग? चाक रुतलं की रुतलं. लावायचं ते आधीच लाव. कशापायी राखून ठेवायचं?" मी कंपनीतून गूगल करून यायचे, व्हिडिओ दाखवायचे, मोबाइल तुमच्या नाकाशी धरायचे. तुम्ही चष्मा शोधण्याचं नाटक करायचात. खाणीतून परत येताना, मोशीच्या टपरीवर चहा पिताना, घरी जेवताना, हे भांडण चालू असायचं आणि आई म्हणायच्या, एकदाचे जा दोघं आणि रुता.

ते भांडण तुम्ही जिंकलात. सांगते पुढे.

मग शिकायला इतर लोक यायला लागले. थेरगावचा तो गॅरेजवाला, रावेतचं ते आयटीतलं जोडपं. कुणी तरी कुणाला सांगितलं आणि रविवारी खाणीत दोन-तीन नवीन गाड्या उभ्या राहायला लागल्या. मोठमोठ्या, शोरूममधून नुकत्याच निघालेल्या, आत सतरा बटणं. तुम्ही सगळ्यांना तासभर पायी चालवायचात. रावेतच्या त्या मुलानं विचारलं होतं, काका, या गाडीला बारा मोड आहेत, मुरमासाठी कुठला लावू? तुम्ही म्हणालात, "पैला उतरायचा मोड लाव."

तुम्ही तेव्हा किती खूश होतात. लाइनवर आयुष्यभर तुम्ही एकच काम केलंत आणि तुमचं नाव कुणाला माहीत नव्हतं. खाणीत मात्र लोक नाना-नाना करत मागून फिरायचे. मला त्याचा हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू. मी तुमची पहिली विद्यार्थिनी होते आणि मला अजून रेघ नव्हती.

तो रविवार. चढ आपल्याला पाठ होता. तुम्ही चालवत होतात, मी शेजारी, खाली ते सगळे बघत उभे. नवीन लोकांना दाखवायचं होतं की चढावर मधेच गाडी बंद पडली तर काय करायचं. हा तुमचा सगळ्यात आवडता धडा. ब्रेक घट्ट दाबायचा, रिव्हर्स टाकायचा, क्लचवरचा पाय पूर्ण उचलायचा, चावी मारायची आणि ब्रेक हळूहळू सोडायचा. इंजिन गाडीला धरून सरळ मागे खाली आणतं. वळवायचं नाही. काही झालं तरी वळवायचं नाही, कारण चढावर गाडी आडवी झाली की उलटते.

तुम्ही अर्ध्यावर मुद्दाम गाडी बंद पाडलीत. रिव्हर्स टाकलात, चावी मारलीत, ब्रेक सोडलात आणि गाडी मोकळी मागे सुटली. इंजिन धरतच नव्हतं. मी खाली पाहिलं तर तुमचा डावा पाय क्लचवर होता. पूर्ण दाबलेला.

"नाना, क्लच सोडा."

"सोडलाय."

"पाय उचला, नाना."

"उचललाय म्हनतो ना."

गाडीनं वेग घेतला, तुम्ही घाबरलात आणि स्टेअरिंग फिरवलंत. ज्याच्यावरून तुम्ही शंभर जणांना ओरडला असाल, नेमकं तेच केलंत. गाडी आडवी झाली, माझ्या बाजूची चाकं हलकी झालेली मला सीटखाली जाणवली. मी हँडब्रेक ओढला. मागचं चाक एका दगडाला अडलं आणि आपण थांबलो. वरच्या बाजूच्या दारानं आधी मी उतरले, मग तुम्ही, माझा हात धरून.

खाली आल्यावर सगळे धावत आले. कुणी पाणी दिलं. तुम्ही म्हणालात, "पाय उचलला हुता म्या." आणि मला राग आला. भीती वाटली होती, ती रागातून बाहेर आली. मला वाटलं, चुकलं तर चुकलं म्हणा, खोटं कशाला बोलता? मी माझ्या डोळ्यांनी पाय पाहिला होता. मी तुमच्यापुढे हात केला, चावी मागितली. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बास झालं, नाना. हा पीस आता रिजेक्ट."

थेरगावचा गॅरेजवाला हसला. रावेतचं ते जोडपंही हसलं, वातावरण हलकं करायला. मीही हसले असेन. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात हा शब्द लोक दिवसातून पन्नासदा वापरतात, गोटीएवढ्या स्प्रिंगला वापरतात. पण लाल टॅग लागला की माल परत लाइनवर जात नाही, भंगारात जातो, हे तिथं तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तो लावणारी क्वालिटीबाई मीच.

तुम्ही चावी दिलीत. येताना शेजारच्या सीटवर बसलात आणि मोशीच्या टपरीवर चहाला थांबू का विचारल्यावर म्हणालात, नको.

मग ते चार महिने. तुम्ही रुसला नाहीत, तेच जास्त अवघड होतं. जेवायला हाक मारलीत, माझ्या शिफ्टची चौकशी केलीत, डब्यात आईंकडून शेंगदाण्याची चटणी घालायला लावलीत. फक्त गाडीचा विषय काढला नाहीत. खाणीत जाणं बंद झालं. रविवारी सकाळी तुम्ही खाली जाऊन गाडी सुरू करायचात, बॅटरी उतरू नये म्हणून, आणि दहा मिनिटांनी वर यायचात. चावी मी खिळ्यावर लावली होती, तुम्ही विचारून न्यायचात आणि परत तिथंच लावायचात. मी एकदाही तुमच्याबरोबर खाली आले नाही. मला वाटायचं, बोलू एकदा, जरा वेळ जाऊ दे. हातचं राखून ठेवत होते.

खंडेनवमीला तुम्ही नेहमीसारखी हत्यारांची पूजा मांडलीत. फावडं, दोर, हवा मोजायचं मीटर, तुमचा जुना पान्हा. दरवर्षी माझं मापाचं व्हर्नियर मी स्वतः त्यात ठेवायचे आणि तुम्ही चिडवायचात, ठेव ठेव, त्याला बी जरा सुबुद्धी मिळू दे. या वर्षी मी शिफ्टहून येईपर्यंत ते तुम्हीच माझ्या बॅगेतून काढून पाटावर ठेवलं होतं. सगळ्यात मधोमध, झेंडूचं फूल वाहून. मी पाहिलं, नमस्कार केला आणि आत निघून गेले. तेव्हा बोलायला काय हरकत होती, हे मला अजूनही सांगता येत नाही.

पुढे तुमच्या किडन्यांनी दगा दिला आणि सगळं फार भराभर झालं. हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी तुमच्या तळव्याला टाचणी टोचली. तुम्ही छताकडे बघत होतात. डॉक्टर म्हणाले, शुगरनं पायाची संवेदना गेलीय, कधीपासून आहे हे? संदीप माझ्याकडे बघायला लागला. आई हळूच म्हणाल्या, "चप्पल जिन्यात सुटून ऱ्हाती, यांना पत्ता नसतो. वरीस झालं आसंल."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तुमचे दोन्ही पाय चादरीबाहेर होते, तो डावा पायही. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. तुम्हाला खरंच वाटलं होतं की तो उचललाय.

त्या दिवसापासून मी संधी शोधत होते. कधी नर्स, कधी संदीप, कधी पाहुणे. शेवटी एका दुपारी आई डबा धुवायला गेल्या आणि आपण दोघंच राहिलो. तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, नाना, त्या दिवशी खाणीत मी जे बोलले...

तुम्ही हात उचललात आणि मूठ बंद केलीत.

मी थांबले. तुम्ही मूठ तशीच धरलीत, बराच वेळ, माझ्याकडे बघत. मग आई आल्या. दुसऱ्या दिवशी तुम्हाला आत आयसीयूत हलवलं, आणि मग तुम्ही कुणालाच काही दाखवलं नाही. ती मूठ मी घेऊन घरी आले. ऐकायचं नाही मला तुझं, असं होतं का ते? मला तसंच वाटलं. चार महिने जी बाई गप्प राहते, तिला अखेरच्या वेळी कशाला बोलू द्यायचं? रुतल्यावर गिअर लावायला निघाले होते मी. अडकल्यावर उपयोग नाही, हे तुमचंच बरोबर होतं. त्या भांडणात मी हरले, नाना. लिहून देते.

तेराव्यानंतर संदीप म्हणाला, गाडी विकून टाकू, नुसती उभी राहून सडेल. त्याचंही चूक नव्हतं. त्यालाही ती पार्किंगमध्ये दिसत होती, त्यालाही रोज तिच्यावरून जावं लागत होतं. रविवारी एक गिऱ्हाईक बघायला येणार असं ठरलं. मी म्हटलं, शनिवारी मी धुऊन ठेवते.

शनिवारी दुपारी मी बादली घेऊन खाली गेले. आई म्हणाल्या, मी येते, पायऱ्या उतरल्याशिवाय अंग मोकळं होत नाही. बाहेरून धुऊन झाली, आत पुसायला म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि सवयीनं हात सीटखाली घातला. आपलं दुसरं कायमचं भांडण. तुम्ही सहा फुटी, मी पाच फुटांना जेमतेम. तुमच्यानंतर मी बसले की पेडलला पाय पोचायचे नाहीत. दर वेळी तो गंजका खटका दाबून, ढकलत-ढकलत सीट पुढे घ्यायची आणि तुम्ही बसलात की कुरकुर करत पुन्हा मागे. चार महिने गाडी सुरू करायला तुम्हीच बसत होतात, म्हणजे सीट मागे असणार.

खटक्याला हात लावण्याआधीच माझे पाय पेडलवर नीट टेकले होते.

आधी काही कळेना. मग उतरून खाली वाकून पाहिलं. सीट ज्या पट्टीवर सरकते, तिथं माझ्या खाचेपाशी पिवळी रेघ होती. अर्धी पट्टीवर, अर्धी सीटच्या पायावर. सरळ. जुळलेली.

मी फरशीवरच बसले. आई दाराशी आल्या, काय गं, काय झालं? मी बोटानं दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय, ती. मारली हुती मागंच. खाणीतनं आला न्हाई का तुमी त्या टायमाला, त्याच आयतवारी. येडं मानूस. दर आयतवारी गुडघं छातीला लावून बसायचं आत. म्या म्हनलं, आवं, सीट मागं घ्या की, दुमडून मराल. तर म्हनलं, 'न्हाई. रेघ तुटंल. गाडीवाली दुसरी हाय, म्या आपला गाडी चालू करनारा.'"

"त्याच रविवारी?" मी विचारलं.

"संध्याकाळी. तुजं डोकं दुखत हुतं म्हनून तू झोपली हुतीस."

माझं डोकं दुखत नव्हतं. मी दार लावून बसले होते. आणि तुम्ही त्याच वेळी खाली जाऊन, गुडघ्यावर बसून, टॉर्च धरून माझ्या सीटला रेघ मारत होतात. म्हणजे चार महिने मी जिची भीक मागायला बिचकत होते, ती माफी पहिल्याच संध्याकाळी मिळालेली होती आणि पार्किंगमध्ये माझी वाट बघत होती. मी खाली आले असते तर दिसली असती. एकदा जरी तुमच्याबरोबर खाली आले असते तर. ती मूठही मग मला कळली. राग आला असता तर तुम्ही मास्क काढून बोलला असतात. तुम्ही नुसतं थांब म्हणत होतात, कारण ते काम तुमच्या लेखी झालेलं होतं, आवळून, रेघ मारून.

आई माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या आणि वॉचमन लांबून बघत होता. मी पोटभर रडले. लाज वाटली नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. भला माणूस, उंचापुरा. बोनेट उघडून पाहिलं, टायर पाहिले, मग आत बसला. त्याचे गुडघे स्टेअरिंगला लागले, म्हणून त्यानं सहजच हात सीटखाली नेला. मी समोर उभी होते. माझा हात वर गेला होता आणि मूठ बंद होती.

तो बिचारा तिथल्या तिथे थांबला. म्हणाला, "काय झालं, ताई?"

"गाडी विकायची नाही," मी म्हटलं. संदीपनं माझ्याकडे पाहिलं. मग वाकून सीटखाली पाहिलं. तुमचा मुलगा आहे तो, रेघ वाचता येते त्याला. गिऱ्हाईकाला वर नेऊन त्यानं चहा पाजला, माफी मागितली आणि तो गेल्यावर चावी परत खिळ्यावर लावली.

आज सकाळी मी खाणीत जाऊन आले, नाना. आई आल्या होत्या. देवाला जायची साडी नेसून, डब्यात दशम्या घेऊन. आधी आम्ही दोघी तो चढ पायी चढलो. त्या तीनदा बसल्या, पण वरपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "ह्यो बगाया येत हुता व्हय तुमी?" मग त्यांना वरच एका दगडावर बसवलं, टायरची हवा कमी केली आणि चिखल नसतानाही, खालीच, सपाटीवर चारी चाकं जोडली. तुमच्यासाठी.

अर्ध्या चढावर गाडी बंद पडली. मुद्दाम नाही पाडली, माझा गिअर चुकला. ब्रेक दाबला. रिव्हर्स टाकला. क्लचवरचा पाय उचलला आणि तो उचललाय का हे खाली बघून खात्री केली. हे तुम्ही शिकवलं नव्हतं, यापुढे मी शिकवणार आहे. चावी मारली, ब्रेक सोडला आणि गाडी सरळ, सावकाश, इंजिनाच्या आधारानं खाली आली. हात वळवायला शिवशिवत होते. वळवले नाहीत.

खाली आल्यावर इंजिन बंद केलं, उतरले आणि इतक्या हादऱ्यांनंतर काय झालंय ते वाकून पाहिलं. रेघ जुळलेली आहे.